मोठ्या जेवणानंतरचं उरलेलं अन्न: निववण्यापासून पुन्हा ताटात वाढण्यापर्यंत

मोठं जेवण उरकलं की घरातले सगळे दमलेले असतात. पातेली ओट्यावर तशीच राहतात, कुणीतरी त्यांवर झाकणं ठेवतं आणि "निवलं की ठेवू फ्रीजमध्ये" म्हणून गप्पा सुरू होतात. दोन दिवसांनी डबा उघडून वास घेतला जातो. मग एक तर पोटं बिघडतात, नाही तर सगळं कचऱ्यात जातं. "आता याचं काय करू?" हा प्रश्न तोवर फार उशिरा पडलेला असतो, कारण उरलेल्या अन्नाचं भवितव्य शेगडी बंद केल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरून गेलेलं असतं.

म्हणून इथे पाककृती शेवटी आहेत. आधी वाटणी, मग निववणं, साठवणं, खायचा क्रम, गरम करणं आणि त्यानंतर नवं जेवण. शेवटच्या टप्प्यावरून सुरुवात करायचा मोह होईल, पण आधीचे टप्पे चुकले तर चांगल्यात चांगली पाककृतीही उपयोगाची नाही.

## आदल्या दिवशीची तयारी

ही तयारी जेवणाच्या आदल्या दिवशी करायची. पाहुणे गेल्यावर ती करायला अंगात ताकद उरत नाही.

फ्रीज. एक अख्खा कप्पा रिकामा ठेवा. एक थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी तो ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी दाखवायला हवा. फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. फ्रीजच्या बटणावरचा १ ते ५ हा आकडा म्हणजे तापमान नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

डबे. उथळ आणि पसरट डबे काढून ठेवा, ज्यांत अन्नाचा थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही. खोल, गोल डबे या कामाला वाईट. एका डब्यात घरातल्या सगळ्यांचं एका वेळचं जेवण मावेल, असं माप धरा.

बर्फ. निदान दोन किलो बर्फ फ्रीझरमध्ये तयार ठेवा. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तरी चालतात. बाटलीत वर चार बोटं जागा सोडायची, नाही तर ती फुटते.

चिकटपट्टी आणि पेन. ही ओट्यावरच ठेवा. खणात असली की चिठ्ठी लावायची राहून जाते.

अन्नात खुपसायचा थर्मामीटर. मांस, अंडी किंवा मोठ्या प्रमाणातला रस्सा असेल तर हा घ्याच. अंदाजाने "चांगलं गरम आहे" म्हणणं आणि मधोमध ७४ अंश असणं यांत पुष्कळ फरक पडतो.

आणखी एक गोष्ट वाढण्याच्या पद्धतीची. सगळं अन्न एकदम टेबलावर आणू नका. निम्मं बाहेर ठेवा. उरलेलं निम्मं गरम असेल तर मंद आचेवर ६० अंशांच्या वर आणि थंड असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, आणि लागेल तसं बाहेर काढा. जे टेबलावर आलंच नाही, तेच सगळ्यात चांगलं टिकतं.

## टप्पा १: वाटणी, जेवण संपल्यावर अर्ध्या तासात

५ ते ६० अंशांदरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. या पट्ट्यात अन्न एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, आणि बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. दोन तास मोजायचे ते शेगडी बंद केल्यापासून किंवा फ्रीजमधून बाहेर काढल्यापासून. जेवण संपल्यापासून नव्हे. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. जेवण दोन तास चाललं असेल तर टेबलावरच्या अन्नाचा वेळ तेव्हाच संपलेला असतो.

१. ताटात वाढलेलं, उष्टं बाजूला काढा. ते साठवायचं नाही.

२. टेबलावरचं अन्न वेगळं करा. घड्याळ बघा. दोन तास उलटले असतील तर मांस, मासे, अंडी, दूध-साय घातलेले पदार्थ, भात, डाळ आणि शिजवलेल्या भाज्या टाकून द्या. कोरडा ब्रेड, कोरडी बिस्किटं, साय नसलेला केक आणि अख्खी फळं याला अपवाद.

३. स्वयंपाकघरात राहिलेलं, हात न लागलेलं अन्न तिसऱ्या बाजूला. साठवणीचा खरा माल हाच.

४. आता पदार्थ सुटे करा. मांस हाडांपासून सोडवा, रस्सा गाळून वेगळा काढा, भात आणि भाजी एकमेकांत मिसळली असेल तर शक्य तेवढी वेगळी करा. अख्खा भाजलेला पक्षी किंवा मांसाचा मोठा तुकडा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. त्याचा गाभा निवायला फार वेळ लागतो, शिवाय दुसऱ्या दिवशी थंडगार हाडावरून मांस काढणं जिवावर येतं.

सुटं करण्याचा फायदा पुढे कळतो. सगळं एकत्र केलेल्या डब्यातून एकच जेवण निघतं, आणि तेही कालचंच. मांस, भाजी, धान्य आणि रस्सा वेगवेगळे असले की त्यांतून चार निरनिराळी जेवणं होतात.

> सावधान: वास आणि चव ही सुरक्षिततेची परीक्षा होऊ शकत नाही. अन्न आंबवणारे, वास आणणारे जिवाणू आणि आजारी पाडणारे जिवाणू बहुतेक वेळा वेगळे असतात. ज्या डब्यामुळे उलट्या होतात, त्याला कित्येकदा कसलाच वास येत नाही. शंका आली तर चाखून बघू नका, टाकून द्या.

## टप्पा २: निववणं

याच टप्प्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो.

आठ लिटरच्या पातेल्यातला दाट रस्सा ओट्यावर ठेवलात तर तासाभराने वरचा थर कोमट लागतो. पळी तळाशी घालून ढवळलं की वाफ येते. मधला भाग तासन् तास गरम राहतो, आणि घट्ट रश्शात हवा नसल्यामुळे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला तो फार मानवतो. त्याचे बीजाणू उकळून मरत नाहीत. तापमान उतरू लागलं की ते जागे होतात आणि भराभर वाढतात. असं अन्न खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तासांत पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. मोठ्या पंगतींनंतर हा त्रास नेहमी दिसतो, कारण घरगुती सवय मोठ्या पातेल्याला पुरत नाही.

व्यावसायिक स्वयंपाकघरांत वापरला जाणारा दंडक असा: ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. घरी हे जमवायचं असं:

१. सिंकमध्ये किंवा मोठ्या टबात बर्फ आणि थंड पाणी घ्या. पातेल्यातल्या अन्नाच्या उंचीइतकं पाणी बाहेरून यायला हवं.

२. पातेलं त्यात ठेवा. झाकण काढा.

३. दर तीन-चार मिनिटांनी पळी तळापासून वर आणत ढवळा. न ढवळता ठेवलं तर कडेचं निवतं आणि मधलं गरमच राहतं. पळीबरोबर वर येणारी वाफ थांबली की निम्मं काम झालं.

४. बाहेरचं पाणी कोमट झालं की बदला. तीन-चार लिटर रस्सा असेल तर पाणी बहुधा दोनदा बदलावं लागतं.

५. पातेल्याबाहेर हात लावल्यावर गार लागलं, की उथळ डब्यांत काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा. झाकण पहिले दोन-तीन तास थोडं तिरकं ठेवा, म्हणजे वाफ कोंडून आत पाणी सुटत नाही. पूर्ण गार झाल्यावर घट्ट लावा.

कोरडे पदार्थ, म्हणजे भाजलेल्या भाज्या, मांसाचे तुकडे, भात, यांना बर्फाचं पाणी लागत नाही. मोठ्या ताटात किंवा परातीत दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरा. वीस-पंचवीस मिनिटांत ते डब्यात भरण्याइतके निवतात.

"गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं की बिघडतं" हा समज डोक्यातून काढून टाका. उथळ डब्यातलं थोडं गरम अन्न फ्रीज सहज सांभाळतो. पाच लिटरचं वाफाळतं पातेलं मात्र आत ठेवू नका, कारण त्याने शेजारचं दूध आणि इतर अन्नही तापतं. अन्न "पूर्ण निवेपर्यंत" रात्रभर बाहेर ठेवणं यापेक्षा कितीतरी धोकादायक.

### भाताबद्दल वेगळं

भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजण्यातून वाचतात. भात कोमट राहिला की त्यातले काही प्रकार असं विष तयार करतात, जे नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. "नीट परतून घेतला म्हणजे झालं" हा भाताच्या बाबतीत भ्रम आहे. भात शिजल्यावर एका तासाच्या आत पसरून, निववून फ्रीजमध्ये जायला हवा आणि एका दिवसात संपायला हवा. एका दिवसात संपणार नसेल तर त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकूनच द्यावा लागतो, तो कितीही मोकळा आणि छान दिसत असला तरी.

> तपासणी: झोपायला जाण्याआधी ओट्यावर एकही पातेलं नाही ना? फ्रीजमधल्या डब्यांमध्ये हवा खेळायला बोटभर अंतर आहे ना? दार नीट लागलं ना?

## टप्पा ३: डबे, चिठ्ठ्या आणि फ्रीझरचा निर्णय

फ्रीज की फ्रीझर हे त्याच रात्री ठरवा. "बघू, नाही संपलं तर गोठवू" असं म्हणत चौथ्या दिवशी गोठवलेलं अन्न चौथ्या दिवसाच्याच अवस्थेत गोठतं. बर्फ वय थांबवतो, कमी करत नाही.

हिशेब सरळ आहे. शिजवलेलं अन्न ४ अंशांना तीन ते चार दिवस टिकतं. पुढच्या तीन दिवसांत घरात किती जेवणं होणार, ते मोजा. त्यातली निम्मीच उरलेल्या अन्नाची धरा, कारण सलग सहा वेळा तेच कुणी आनंदाने खात नाही. तेवढं फ्रीजमध्ये ठेवा आणि बाकीचं फ्रीझरमध्ये टाका.

चांगलं गोठतं: रस्सा, सूप, शिजवलेली डाळ आणि कडधान्यं, रश्शात बुडालेलं मांस, भात, ब्रेड, साय नसलेला केक, टोमॅटोची घट्ट ग्रेव्ही.

वाईट गोठतं: उकडलेल्या बटाट्याच्या फोडी (पाणी सुटून त्या स्पंजासारख्या होतात, लोणी घालून केलेला लगदा मात्र बरा राहतो), अख्खी उकडलेली अंडी (पांढरा भाग रबरासारखा होतो), काकडी, पालेभाज्यांचं सॅलड, अंड्याचा कस्टर्ड, साय किंवा दही घातलेले पातळ सॉस.

भरताना:

१. पिशवीत भरत असाल तर हवा काढून दोन-तीन सेंटिमीटर जाडीची सपाट करा आणि आडवी गोठवा. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि पुस्तकासारखी उभी लावता येते.

२. डब्यात पातळ पदार्थ असेल तर वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा.

३. मांस कोरडं गोठवू नका. त्यावर बुडेल इतका रस्सा किंवा हाडांचं पाणी घाला. शिजलेल्या मांसाला दुसऱ्या दिवशी जो शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो त्यातल्या चरबीचा हवेशी संयोग झाल्यामुळे. रश्शाखाली हवा पोचत नाही, म्हणून तो वास कमी येतो.

४. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: पदार्थ, तारीख, किती जणांचं. "भाजी" एवढंच लिहिलेली चिठ्ठी महिन्याभराने काही सांगत नाही.

उणे १८ अंशांवर अन्न धोकादायक होत नाही, पण चव आणि पोत तीन-चार महिन्यांनंतर उतरत जातो.

ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, त्यामुळे तो बाहेरच्यापेक्षा आत लवकर शिळा लागतो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाही तर काप करून सरळ फ्रीझरमध्ये.

## टप्पा ४: खायचा क्रम

डब्यांचा क्रम आवडीवर सोडला तर मांस पहिल्या दिवशी संपतं आणि भाज्या चौथ्या दिवशी फेकल्या जातात. त्याऐवजी जे आधी बिघडतं, ते आधी खा.

- पहिला दिवस: भात, मासे, साय किंवा अंडी घातलेले पदार्थ, कापलेली फळं.
- दुसरा दिवस: पाणी सुटणाऱ्या भाज्या, मांसाचे सुटे तुकडे.
- तिसरा दिवस: भाजलेल्या कंदभाज्या, डाळ, कडधान्यं, रस्सा. हे पदार्थ तिसऱ्या दिवशीही चांगले लागतात.
- चौथ्या दिवसाचं जेवण संपल्यावर जे उरलं असेल, ते टाका.

फ्रीजच्या दारावर ही यादी चिकटवा आणि डबा संपला की ओळ खोडा. घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे की पुढचा डबा कोणता.

गरोदर स्त्रिया, लहान बाळं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांच्यासाठी हा हिशेब आणखी काटेकोर ठेवा. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंतचंच अन्न द्या, आणि ते वाफाळेपर्यंत गरम करूनच.

## टप्पा ५: गरम करणं

नियम दोनच आहेत: मधोमध ७४ अंश, आणि एकदाच. जेवढं खायचं तेवढंच डब्यातून काढा, बाकी फ्रीजमधून बाहेरच काढू नका. अख्खा डबा गरम करायचा, थोडं वाढून उरलेलं पुन्हा आत ठेवायचं आणि संध्याकाळी परत गरम करायचं, ही सवय मोडायला हवी. प्रत्येक फेरीत अन्न त्या ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यातून दोनदा जातं.

गोठलेलं सोडवणं: आदल्या रात्री फ्रीजमध्ये, खाली ताट ठेवून. सपाट पिशवी रात्रभरात सुटते, जाड डब्याला चोवीस तास लागतात. ओट्यावर सोडवू नका. बाहेरचा थर कोमट होतो तेव्हा आत बर्फच असतो. घाई असेल तर रस्सा किंवा सूप गोठलेलंच पातेल्यात घाला, अर्धी वाटी पाणी ओता आणि झाकण ठेवून मंद आचेवर सोडवा.

पातळ पदार्थ: मध्यम आचेवर, ढवळत, सगळीकडून खदखदा उकळी येईपर्यंत. कडेला बुडबुडे येणं म्हणजे उकळी नव्हे.

भात: दर वाटीला एक ते दोन मोठे चमचे पाणी शिंपडा आणि घट्ट झाकण ठेवा. थंडीत कडक झालेला स्टार्च वाफेने पुन्हा मऊ होतो. झाकण न ठेवता गरम केलेला भात बाहेरून टणक राहतो.

मांसाचे तुकडे: कोरड्या तव्यावर नको. रश्शात किंवा दोन-तीन चमचे पाण्यात झाकून, मंद आचेवर. ते आधीच शिजलेले असतात, जास्त आचेने फक्त आक्रसून चिवट होतात.

भाजलेल्या आणि कुरकुरीत गोष्टी: ओव्हनमध्ये २०० अंशांना ८ ते १२ मिनिटं, एका थरात. ओव्हन नसेल तर जाड तवा चांगला तापवून, झाकण न ठेवता.

मायक्रोवेव्ह: अन्न पसरून ठेवा, मधोमध थोडी खोलगट जागा करा, झाका. निम्म्या वेळाने काढून ढवळा. बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकलेलंच राहू द्या, म्हणजे उष्णता आत पसरते. मायक्रोवेव्हमध्ये एका घासाला चटका बसतो आणि दुसरा गार असतो, म्हणून थर्मामीटर दोन-तीन ठिकाणी खुपसून बघा.

> सावधान: फ्रीजमधून काढलेला काचेचा डबा सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर ठेवू नका, तडकतो.

## टप्पा ६: नवं जेवण

आता पाककृती. खाली चार साचे दिले आहेत. आत काय घालायचं ते तुमच्या डब्यांवर अवलंबून आहे, पण प्रमाणं पाळा. ती चार माणसांची आहेत. एका वाटीत साधारण २०० मिलिलिटर पाणी मावतं, असं धरलं आहे.

### साचा १: परतलेला भात

फ्रीजमधला भात यासाठी ताज्यापेक्षा चांगला, कारण त्याचा पृष्ठभाग सुकलेला असतो आणि दाणे चिकटत नाहीत.

४ वाट्या थंड भात, २ वाट्या बारीक चिरलेल्या शिजवलेल्या भाज्या किंवा मांस, २ अंडी (हवी तर), १ कांदा, ३ मोठे चमचे तेल.

१. भात डब्यातून काढून हात ओले करून गुठळ्या फोडा. बोटांत दाणा सुटा लागेपर्यंत. ही पाच मिनिटं वाचवली तर कढईत गुठळ्या फोडताना भाताचा लगदा होतो.

२. रुंद कढई मोठ्या आचेवर चांगली तापवा, मग तेल घाला. अंडी घालणार असाल तर आधी फोडून, ढवळून, बाजूला काढा.

३. कांदा दोन मिनिटं, मग भाज्या किंवा मांस तीन मिनिटं.

४. भात दोन हप्त्यांत घाला. सगळा एकदम घातला तर कढई थंड पडते आणि भात परतला न जाता वाफवला जातो. घातल्यावर अर्धा मिनिट हलवू नका, मग उलथन्याने खालून वर करा. चार ते पाच मिनिटांत भात तडतडू लागला पाहिजे.

५. अंडी परत घाला. मीठ किंवा खारट सॉस अगदी शेवटी, चाखून.

भाज्यांना पाणी सुटलेलं असेल तर त्या आधी चाळणीत निथळून घ्या. नुसतं एवढं केलं तरी मोठा फरक पडतो.

### साचा २: दाट सूप

५०० ग्रॅम शिजवलेल्या भाज्या, १ कांदा, १ मोठा चमचा तेल किंवा लोणी, ७५० मिलिलिटर पाणी किंवा हाडांचं पाणी.

कांदा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं पारदर्शक होऊ द्या. सूपला गोडवा तिथून येतो, कारण उरलेल्या भाज्यांचा स्वतःचा सुवास कमी झालेला असतो. भाज्या आणि पाणी घालून दहा मिनिटं उकळा. भाज्या आधीच शिजलेल्या आहेत, जास्त उकळल्या तर रंग आणि चव दोन्ही जातात. थोडं निवल्यावर वाटा. गरम सूप मिक्सरच्या भांड्यात निम्म्याहून जास्त भरू नका, वाफेने झाकण उडतं. शेवटी लिंबू पिळा.

हाडांचं पाणी करायचं तर एक किलो हाडांना दोन ते अडीच लिटर गार पाणी, कांदा आणि गाजर घालून अगदी मंद आचेवर तीन तास ठेवा. खदखदा उकळलं तर गढूळ होतं. वर येणारा फेस काढत राहा. यात मीठ घालू नका, नंतर आटवताना ते खारट होतं. गाळून टप्पा २ प्रमाणे बर्फाच्या पाण्यात निववा. हाडंही टप्पा १ चे दोन तास पाळलेलीच असावीत आणि ताटातली, चावलेली नकोत.

### साचा ३: टिक्क्या

२ वाट्या बटाट्याचा लगदा, १ वाटी बारीक चिरलेलं मांस, मासा, डाळ किंवा भाजी, १ अंडं किंवा ३ मोठे चमचे कॉर्नफ्लोर, ब्रेडचा चुरा.

टिक्क्या तव्यावर फुटतात त्याची कारणं ठरलेली आहेत. मिश्रण ओलं असतं, आतले तुकडे मोठे असतात, किंवा तवा पुरेसा तापलेला नसतो. मिश्रण हातात घेऊन दाबा. बोटांमधून बाहेर आलं तर एक-एक चमचा ब्रेडचा चुरा घालत जा. कडेला भेगा पडत असतील तर एक चमचा दूध. दीड सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या करून चुऱ्यात घोळवा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हा अर्धा तास टाळू नका, गार झाल्याने त्या घट्ट धरून राहतात. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं, आणि एकदाच उलटा. खालची बाजू सुटली नाही तर ती अजून झाली नाही, जोर लावू नका.

ब्रेडचा चुरा घरीच करा. शिळ्या ब्रेडचे तुकडे १५० अंशांना १५ ते २० मिनिटं वाळवून वाटा. हवाबंद डब्यात तो काही आठवडे राहतो.

### साचा ४: ओव्हनमधला एकत्र पदार्थ

दमलेल्या संध्याकाळी हा सगळ्यात सोपा. ४ वाट्या भात, पास्ता किंवा बटाट्याच्या फोडी, २ वाट्या मांस किंवा भाज्या, २ वाट्या रस्सा किंवा सॉस, वर ब्रेडचा चुरा. पसरट भांड्यात एकत्र करून १८० अंशांना, पहिली वीस मिनिटं झाकून, नंतर दहा मिनिटं उघडं. मिश्रण भांड्यात घालताना थोडं ओलसरच दिसलं पाहिजे, कारण भात आणि पास्ता ओव्हनमध्ये आणखी पाणी पितात. बाहेर काढण्याआधी मधोमध ७४ अंश तपासा. कडा उकळत असल्या तरी गाभा गार असू शकतो.

## चव का उतरते आणि ती कशी सावरायची

उरलेल्या अन्नात मीठ सहसा कमी नसतं. कमी झालेला असतो तो आंबटपणा, सुवास आणि कुरकुरीतपणा. म्हणून आधी लिंबू, मग ताजी कोथिंबीर किंवा कांद्याची पात, मग भाजलेले दाणे किंवा चुरा घालून बघा. मीठ सगळ्यात शेवटी.

खारट झालंच तर बटाटा टाकून मीठ "शोषलं" जात नाही; तो त्याच खारट पाण्याचा थोडा भाग पितो, एवढंच. प्रमाण वाढवणं हाच उपाय: बिनमिठाचं पाणी, भाज्या, शिजवलेली डाळ किंवा भात घाला.

कालच्या तिखट मसालेदार रश्शात आणखी मसाला घालू नका. रात्रभरात तो मुरून तिखटपणा जास्त जाणवतो. आधी गरम करून चाखा.

## चौथ्या दिवशीची आवराआवर

रात्रीच्या जेवणानंतर फ्रीजमधला प्रत्येक डबा बाहेर काढून चिठ्ठीवरची तारीख बघा. चार दिवस झालेले डबे रिकामे करा. फ्रीझरमधल्या पिशव्यांची यादी दारावर लावा. मग एका कागदावर लिहा: किती माणसं जेवली, प्रत्येक पदार्थ किती केला होता आणि किती उरला. उदाहरणार्थ, "बारा माणसं, दीड किलो तांदूळ, चार वाट्या भात उरला." तो कागद पुढच्या मोठ्या जेवणाच्या सामानाच्या यादीला टाचून ठेवा.